हार्ड डिस्क बंद पडण्याआधी आणि पडल्यावर: व्हिडिओ एडिटिंगच्या प्रोजेक्टचा बॅकअप

एडिट चालू असलेला कुठलाही प्रोजेक्ट फोल्डर उघडा आणि फाइलींचे आकार बघा. कॅमेऱ्याचं फुटेज काहीशे जीबी. कॅशे (सॉफ्टवेअरने स्वतःसाठी बनवलेल्या तात्पुरत्या फाइली) आणि प्रॉक्सी (एडिट सुरळीत चालावं म्हणून फुटेजच्या बनवलेल्या हलक्या प्रती) यांनी अडवलेली जागाही थोडीथोडकी नाही. आणि कोपऱ्यात एक प्रोजेक्ट फाइल, जेमतेम काही एमबीची. तुमचे सगळे कट, रंगाचं काम, आवाजाच्या पातळ्या, कुठला टेक घ्यायचा नि कुठला टाकायचा हे निर्णय त्या इवल्याशा फाइलीत असतात. ती गेली तर फुटेज समोर असूनही आठवड्यांची मेहनत गेली. फुटेज गेलं तर प्रोजेक्ट उघडेल, पण टाइमलाइनवर नुसत्या ‘मीडिया ऑफलाइन’च्या पाट्या दिसतील. कॅशे गेली तर मात्र काहीच बिघडत नाही, सॉफ्टवेअर ती पुन्हा बनवून घेतं.

बॅकअपचा विचार इथून सुरू करावा असं मला मनापासून वाटतं. नवे एडिटर बहुतेकदा एक मोठी ड्राइव्ह घेतात, सगळा फोल्डर एकदा तिकडे ओढून टाकतात आणि मग महिनाभर तिकडे फिरकत नाहीत. त्या प्रतीत कॅशेचा सगळा पसारा असतो, पण गेल्या महिन्याचं काम नसतं. म्हणून किती जागा लागेल हे विचारण्याआधी प्रत्येक गोष्टीबद्दल एवढंच विचारा: ही गेली तर परत मिळेल का, आणि मिळवायला काय करावं लागेल?

आधी सामान वेगळं करा

या प्रश्नाच्या उत्तरातून तीन ढीग पडतात.

पहिल्यात पुन्हा कधीही न मिळणाऱ्या गोष्टी: कॅमेऱ्याचं मूळ फुटेज, जागेवर ध्वनिमुद्रित केलेला आवाज, मुलाखती, ग्राहकाने स्कॅन करून दिलेले जुने फोटो. लग्नातला तो क्षण किंवा आता हयात नसलेल्या माणसाची मुलाखत कुठल्याही पैशांत पुन्हा चित्रित होत नाही. या ढिगाच्या तीन प्रती, त्याहून कमी नाही.

दुसऱ्यात तुमचं काम: प्रोजेक्ट फाइल, ग्राफिक्सच्या मूळ फाइली, ध्वनिमिश्रणाचं सेशन, सबटायटल, रंगासाठी वापरलेले लट (एलयूटी, म्हणजे रंग बदलण्याचे तयार तक्ते), आणि अंतिम मास्टर. मास्टर सोडला तर हा सगळा ढीग आकाराने लहान आणि रोज बदलणारा असतो. त्याच्या प्रती रोज व्हायला हव्यात, आणि आकार लहान असल्यामुळे त्या पाच ठिकाणी ठेवल्या तरी जड जात नाहीत.

तिसऱ्यात कॅशे, प्रिव्ह्यू रेंडर, वेव्हफॉर्मच्या फाइली, प्रॉक्सी. यांचा बॅकअप घेऊ नका. प्रॉक्सी बनवायला रात्रभर लागली असेल तर चालू प्रोजेक्टपुरती तिची एखादी प्रत ठेवायला हरकत नाही, पण तेवढंच. विकत घेतलेलं स्टॉक फुटेज आणि संगीत पुन्हा डाउनलोड करता येतं, मात्र त्याची परवानापत्रं दुसऱ्या ढिगात टाका. फॉन्टच्या फाइली आणि वापरलेल्या प्लगइनची यादीही तिथेच जाऊ द्या. दोन वर्षांनी प्रोजेक्ट उघडल्यावर शीर्षकांचा फॉन्ट बदललेला दिसला की त्या यादीची किंमत कळते.

आता फोल्डरची मांडणी. एका प्रोजेक्टचं सगळं सामान एकाच मुख्य फोल्डरात, आणि त्यात फुटेज, आवाज, संगीत, ग्राफिक्स, प्रोजेक्ट फाइली, एक्स्पोर्ट असे उपफोल्डर. नावं रोमन अक्षरांत आणि मधे रिकामी जागा न सोडता ठेवलीत तर वेगवेगळ्या संगणकांवर अडचण येत नाही. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इकडेतिकडे राहून गेलेल्या फाइलींचं. संगीत डाउनलोड्समध्ये, लोगो डेस्कटॉपवर, निवेदन व्हॉट्सॲपवरून आलं तसंच तिथे. टाइमलाइन व्यवस्थित चालते, कारण सॉफ्टवेअरला प्रत्येक फाइलीचा पत्ता ठाऊक असतो. बॅकअपला मात्र तो पत्ता माहीत नसतो. म्हणून कुठलीही फाइल आधी प्रोजेक्टच्या फोल्डरात हलवायची आणि मगच इम्पोर्ट करायची. याच्या बरोबर उलट कॅशेचं: सेटिंगमध्ये जाऊन तिची जागा प्रोजेक्टच्या फोल्डराबाहेर, शक्यतो वेगळ्या एसएसडीवर ठरवून द्या. मग मुख्य फोल्डर जसाच्या तसा कॉपी करता येतो.

पसारा आधीच झाला असेल तर प्रीमिअर प्रोमध्ये ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ सगळ्या फाइली गोळा करून एका नव्या फोल्डरात ठेवतो. केडेनलाइव्हमध्ये ‘अर्काइव्ह प्रोजेक्ट’ हेच काम करतं, आणि फायनल कट प्रोमध्ये ‘कन्सॉलिडेट’.

कार्ड रिकामं करण्याची घाई

फुटेज हरवण्याचे प्रसंग फक्त हार्ड डिस्क बिघडून येत नाहीत, चित्रीकरणाच्या दिवशी घाईघाईने कार्ड फॉरमॅट करण्यातूनही येतात. इथे थोडं थांबू या.

कार्डावरच्या व्हिडिओ फाइली तेवढ्या निवडून कॉपी करू नका. कार्ड पूर्णच्या पूर्ण, त्यातल्या सगळ्या फोल्डरांसकट उतरवा. कित्येक कॅमेरे व्हिडिओच्या शेजारी लहान लहान फाइली ठेवतात, त्यांत टाइमकोड (प्रत्येक फ्रेमची वेळ) आणि क्लिपची माहिती असते. लांब क्लिप अनेक तुकड्यांत साठवली असेल तर ते तुकडे जोडण्याचा हिशोबही कधी कधी त्या फाइलींतच असतो. आणि प्रत्येक कार्डाला स्वतंत्र फोल्डर द्या, नावात तारीख, कॅमेरा आणि कार्डाचा क्रमांक. अनेक कॅमेरे कार्ड बदललं की क्लिपचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू करतात. ‘सी०००१’ नावाची फाइल दोन्ही कार्डांवर असते, आणि दोन्ही कार्डं एकाच फोल्डरात ओतताना ‘रिप्लेस’वर बोट पडलं की पहिल्या कार्डावरचा सकाळचा पहिला शॉट गेला.

कॉपी पूर्ण झाली म्हणजे ती बरोबर झाली असं नाही. खात्री करण्याचा मार्ग म्हणजे चेकसम: फाइलीतल्या प्रत्येक बाइटवरून गणित करून काढलेली एक लांबलचक संख्या. मूळ फाइलीची आणि प्रतीची संख्या जुळली की दोन्ही तंतोतंत सारख्या आहेत. एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी संख्या बदलते. हे हाताने करत बसावं लागत नाही. डाविंची रिझॉल्व्हच्या मीडिया पानावर ‘क्लोन टूल’ आहे, ते पडताळणी करत कॉपी करतं, एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी करतं, आणि मोफत आवृत्तीतही मिळतं. विंडोजवर टेराकॉपीमध्ये पडताळणीचा पर्याय आहे.

वेळेचा अंदाज घ्या. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) चित्रण करणारा कॅमेरा तासाला ४५ जीबी भरतो. दोन कॅमेरे तीन तास चालले तर २७० जीबी. सेकंदाला १५० एमबी लिहिणाऱ्या साध्या हार्ड डिस्कवर हे उतरवायला अर्धा तास लागेल, आणि पडताळणीला साधारण आणखी तेवढाच. तुमचा कॅमेरा किंवा रेकॉर्डर प्रोरेस ४२२ एचक्यू हा जड व्हिडिओ फॉरमॅट देत असेल तर यूएचडी ४के, २५ फ्रेमला हेच प्रमाण तासाला ३३० जीबीच्या घरात जातं. चित्रीकरणाच्या वेळापत्रकात हा वेळ आधीच धरा. तो धरलेला नसतो म्हणूनच घाई होते.

आणि नियम असा की दोन वेगळ्या ड्राइव्हवर प्रती होऊन, त्या पडताळून, प्रत्येकीतल्या दोन-चार क्लिप प्रत्यक्ष चालवून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट होणार नाही. एसडी कार्ड कॅमेऱ्यातून काढलं की कडेची लॉकची पट्टी लगेच खाली करा. मग हे कार्ड भरलेलं आहे हे कोणालाही बघून कळतं. फॉरमॅट नेहमी कॅमेऱ्यातच करावं.

प्रोजेक्ट फाइल कुठे असते हे आधी शोधा

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट नेमका कुठे साठतो हे माहीत नसेल तर तुम्ही भलत्याच गोष्टीचा बॅकअप घेत असाल.

प्रीमिअर प्रोमध्ये काम सोपं आहे, प्रोजेक्ट ही एक साधी फाइल असते आणि तिच्या शेजारी ऑटो-सेव्हचा फोल्डर. प्रेफरन्सेसमध्ये दर किती मिनिटांनी आणि किती आवृत्त्या ठेवायच्या ते ठरवता येतं. पाच मिनिटं आणि भरपूर आवृत्त्या ठेवा, जागा फारशी जात नाही.

डाविंची रिझॉल्व्हमध्ये नवखे हमखास अडखळतात. इथे प्रोजेक्ट फुटेजच्या फोल्डरात नसतो. तो रिझॉल्व्हच्या स्वतःच्या प्रोजेक्ट लायब्ररीत असतो, आणि ती बहुतेक वेळा संगणकाच्या मुख्य ड्राइव्हवर असते. तुम्ही फुटेजच्या ड्राइव्हच्या तीन प्रती केल्यात आणि संगणकाची मुख्य ड्राइव्ह गेली, तर एडिटचा एकही कट उरत नाही. म्हणून दिवसाचं काम संपताना प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये प्रोजेक्टवर राइट क्लिक करून एक्स्पोर्ट करा. त्यातून मिळणारी डीआरपी फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरात ठेवा. तिच्यात फुटेज नसतं, म्हणून ती लहान असते. काम पूर्ण झाल्यावर फुटेजसकट सगळं एकत्र हवं असेल तर ‘एक्स्पोर्ट प्रोजेक्ट अर्काइव्ह’ आहे. शिवाय प्रेफरन्सेसमध्ये ‘लाइव्ह सेव्ह’ आणि ‘प्रोजेक्ट बॅकअप्स’ हे दोन्ही पर्याय चालू करा आणि त्या बॅकअपची जागा दुसऱ्या ड्राइव्हवर दाखवा.

फायनल कट प्रो आपल्या लायब्ररीच्या बॅकअप प्रती स्वतःहून बनवत राहतं आणि त्या मूव्हीज फोल्डरात ठेवतं, पण त्यांत फक्त एडिटची माहिती असते, चित्रण नसतं. ती जागाही लायब्ररीच्या सेटिंगमधून दुसऱ्या ड्राइव्हवर नेता येते.

ऑटो-सेव्ह त्याच ड्राइव्हवर असेल तर तो तुम्हाला सॉफ्टवेअर अचानक बंद पडण्यापासून वाचवतो, ड्राइव्ह बंद पडण्यापासून नाही. आणि रोज सकाळी ‘सेव्ह ॲज’ करून नावापुढे नवा क्रमांक टाका. प्रोजेक्ट फाइल कधी कधी आतून खराब होते आणि ते दोन-तीन दिवसांनी ध्यानात येतं. तोवर एकच फाइल असेल तर तिच्या सगळ्या प्रतीही खराबच झालेल्या असतात.

तीन प्रती, दोन वस्तू, एक लांब

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम एडिटिंगलाही तंतोतंत लागू पडतो. कामाच्या तीन प्रती, किमान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक वेगळ्या इमारतीत. ज्या ड्राइव्हवर तुम्ही काम करता ती पहिली प्रत. घरातली किंवा स्टुडिओतली दुसरी हार्ड डिस्क ही दुसरी. तिसरी नातेवाइकाकडे, दुसऱ्या कार्यालयात किंवा क्लाउडवर. आग, पाणी, चोरी, विजेचा झटका यांना एकाच टेबलावरच्या दोन ड्राइव्हमधला फरक कळत नाही.

एकाच ड्राइव्हचे दोन विभाग करून एकात काम आणि दुसऱ्यात बॅकअप ठेवणं म्हणजे घराची जादा किल्ली त्याच जुडग्यात अडकवून ठेवणं. हे करणारे खूप जण दिसतात, म्हणून मुद्दाम सांगतो आहे.

रेड (आरएआयडी) संच, म्हणजे एकत्र जोडून एकच म्हणून चालणाऱ्या अनेक ड्राइव्ह, घेतला की बॅकअपची चिंता मिटली, हाही असाच समज. रेड १ किंवा रेड ५ मध्ये एक ड्राइव्ह बंद पडली तरी काम चालू राहतं, हा त्याचा खरा उपयोग आहे. पण चुकून पुसलेला फोल्डर सगळ्या ड्राइव्हवरून एकदमच पुसला जातो. खंडणीखोर व्हायरस सगळ्यांवर एकदमच कुलूप घालतो. रेड ० ची तर गोष्टच वेगळी, त्यात वेगासाठी प्रत्येक फाइल तुकडे करून सगळ्या ड्राइव्हवर पसरलेली असते आणि एक गेली की सगळंच जातं. क्लाउडमधल्या सिंक फोल्डरांचंही तसंच: इथे पुसलं की तिथेही पुसलं. जुन्या आवृत्त्या किती दिवस ठेवल्या जातात ते सेवेच्या अटींत पाहून घ्या आणि त्या वाढवता आल्या तर वाढवा.

क्लाउड घेताना अपलोडचा वेग आधी मोजा. मघाचं ते २७० जीबी २० एमबीपीएस अपलोडवर चढवायला ३० तास लागतात, तेही लाइन सलग चालली तर. त्यामुळे व्यवहारात मला पटणारी विभागणी अशी: दुसरा ढीग रोज क्लाउडवर, आणि पहिला ढीग चित्रीकरणानंतर एकदाच, हार्ड डिस्कवर लिहून दुसऱ्या जागी. फुटेज नंतर बदलत नाही. ते एकदा नीट पोचलं की पुन्हा पुन्हा न्यावं लागत नाही.

रोजची कॉपी हाताने करायची ठेवलीत तर डेडलाइनच्या आठवड्यात ती नक्की राहून जाईल, आणि नेमका तोच आठवडा धोक्याचा असतो. मॅकवर टाइम मशीन, विंडोजवर फ्रीफाइलसिंक किंवा त्यासारखं साधन आपोआप चालेल असं लावून द्या. जुन्या आवृत्त्या जपण्याचा पर्याय चालू ठेवा, आणि बॅकअपची हार्ड डिस्क बॅकअप झाला की केबलपासून वेगळी करा. जोडलेलीच नसलेल्या ड्राइव्हपर्यंत व्हायरस पोचत नाही.

ड्राइव्ह घेताना लांबच्या साठवणीसाठी साधी हार्ड डिस्क बरी. एसएसडी रोजच्या कामाला उत्तम, पण तिच्यातली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि ती वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात पडून राहिली तर तो भार हळूहळू गळतो. मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालावी म्हणून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली ड्राइव्ह ‘इजेक्ट’ न करता ओढून काढू नका. विंडोजच्या एनटीएफएस किंवा मॅकच्या फॉरमॅटमध्ये अर्धवट राहिलेलं लिखाण सावरण्याची जी सोय असते, ती एक्सफॅटमध्ये नाही.

प्रत उघडून बघितल्याशिवाय ती प्रत नाही

१९९८ साली पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू असताना कोणाकडून तरी चुकीच्या जागी फाइली पुसण्याची आज्ञा दिली गेली आणि पात्रं, दृश्यं सर्व्हरवरून नाहीशी होऊ लागली. बॅकअप होते. ते परत आणायला गेल्यावर कळलं की ते नीट तयार झालेलेच नव्हते. चित्रपट वाचला तो गेलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेमुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. एवढ्या मोठ्या स्टुडिओत जे घडलं ते एकट्या माणसाच्या खोलीत घडायला फारसं काही लागत नाही.

म्हणून महिन्यातून एकदा तालीम करा. कामाची ड्राइव्ह बाजूला काढून ठेवा. बॅकअपची ड्राइव्ह जोडा, शक्यतो दुसऱ्या संगणकाला, आणि तिच्यावरून प्रोजेक्ट उघडा. प्रोजेक्ट फाइल थेट न उघडता तिची नक्कल करून ती उघडा म्हणजे मूळ प्रतीला धक्का लागणार नाही. फुटेज सापडतं का, फॉन्ट येतात का, टाइमलाइनच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा भाग चालतो का बघा. एखादी फाइल ऑफलाइन दिसली तर तिचा पत्ता वाचा. बहुधा तो डेस्कटॉपचाच निघेल. ही तालीम अर्ध्या तासाची असते आणि बॅकअपमधली भोकं तिच्यात हमखास सापडतात.

ड्राइव्ह कुरकुरते तेव्हा

हार्ड डिस्कच्या आत मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकड्या असतात आणि त्यांच्यावरून वाचनाचं टोक काही नॅनोमीटरच्या अंतरावरून तरंगत जातं. धुळीचा साधा कण या अंतराच्या शेकडो पट मोठा असतो. म्हणूनच चालू ड्राइव्ह पडणं इतकं घातक.

बऱ्याच ड्राइव्ह जाण्याआधी खुणा देतात. फोल्डर उघडायला वेळ लागतो, एकाच जागी येऊन कॉपी अडते, ठरावीक क्लिपवर टाइमलाइन गोठते, ड्राइव्ह मधेच नाहीशी होऊन पुन्हा दिसते. ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची नोंदही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन ती दाखवतं. त्यात तीन ओळींकडे बघा: ५ क्रमांकाची ओळ, म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा, १९७, म्हणजे वाचता न आल्यामुळे संशयित ठरलेल्या जागा, आणि १९८, म्हणजे दुरुस्त न झालेल्या जागा. तिथले आकडे शून्य असावेत. आकडे सुरुवातीला सोळा-पायाच्या पद्धतीत दिसतात, म्हणून ‘१०’ दिसलं तर ते सोळा आहेत; सेटिंगमधून साधे दशमान आकडे करून घेता येतात. शून्याचे काही झाले आणि आठवड्यात वाढले, तर त्या ड्राइव्हवर नवं काम ठेवू नका. १९९ क्रमांकाची ओळ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो. काही यूएसबी डबे (ज्या पेटीत ड्राइव्ह बसवलेली असते ती) ही माहिती संगणकापर्यंत पोचू देत नाहीत, आणि स्मार्ट सगळं ठीक सांगत असतानाही ड्राइव्ह जाऊ शकते, हे मात्र मनात असू द्या.

एसएसडी आवाज करत नाही आणि बऱ्याचदा एका क्षणात जाते. कधी ती फक्त वाचण्यापुरती उरते. तसं झालं तर ती संधी समजून लगेच सगळं काढून घ्या.

बंद पडली. आता?

सगळ्यात आधी हात आवरा. पुढच्या दहा मिनिटांत तुम्ही काय करता यावर बरंच अवलंबून आहे.

टकटक, खरखर, घासल्यासारखा आवाज येत असेल किंवा ड्राइव्ह पडलेली असेल तर वीज बंद करा आणि पुन्हा चालू करून बघू नका. दर वेळी चालू करताना बिघडलेलं टोक तबकडीवर घासतं आणि तिथला डेटा कायमचा जातो. ती फ्रीजरमध्ये ठेवू नका, आत दव साचतं. घरी उघडू नका. तशाच ड्राइव्हचा सर्किट बोर्ड आणून बसवण्याचा जुना उपायही आता बहुतेक चालत नाही, कारण प्रत्येक ड्राइव्हची स्वतःची मोजमापं तिच्या बोर्डावरच्या चिपमध्ये असतात.

आवाज नाही पण ड्राइव्ह दिसतही नाही, तर केबल बदला, पोर्ट बदला, दुसरा संगणक बघा. मोठ्या ड्राइव्हला वेगळा अडॅप्टर असतो. त्याचा व्होल्टेज ड्राइव्हवर छापलेल्या आकड्याशी जुळवा, कारण चुकीच्या अडॅप्टरने बोर्ड जळतो. डबा बिघडल्याची शंका असेल तर आतली ड्राइव्ह काढून थेट जोडून बघता येते, पण काही डबे डेटा स्वतःच कूटबद्ध (एनक्रिप्ट) करतात आणि मग थेट जोडल्यावर तो वाचता येत नाही. म्हणून मूळ डबा फेकू नका.

ड्राइव्ह दिसते, पण ‘फॉरमॅट करायची का’ असं विचारलं जातं: नाही म्हणा. ‘दुरुस्त करू का’ असं विचारलं तरी नाही म्हणा. दुरुस्तीची साधनं ड्राइव्हवर लिहितात, आणि मरणाऱ्या ड्राइव्हवर एकही अक्षर लिहिलं जाता कामा नये.

ड्राइव्ह हळू चालते आहे, पण उघडते आहे? मग क्रम ठरवा. बॅकअपमध्ये जे नाही तेवढंच हवं आहे, आणि त्यातही सगळ्यात आधी प्रोजेक्ट फाइल, कारण ती काही सेकंदांत निघते. मग ज्या फुटेजची दुसरी प्रत नाही ते. एखाद्या फाइलीवर कॉपी अडली तर तिच्यावर अडून बसू नका, पुढे जा. आख्खी ड्राइव्ह वाचवायची असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी सहज वाचता येणारे भाग उचलतं, खराब जागा सोडून पुढे जातं, कुठे काय राहिलं याची नोंद ठेवतं आणि शेवटी त्या राहिलेल्या जागांकडे परततं. त्याला मूळ ड्राइव्हएवढी किंवा मोठी रिकामी ड्राइव्ह लागते. चालवण्याआधी कुठली ड्राइव्ह मूळ आणि कुठली नवी हे दोनदा वाचा. उलट झालं तर वाचवायचं तेच पुसलं जाईल. पुढचे सगळे प्रयोग या नकलेवर करायचे.

फाइली चुकून पुसल्या असतील तर त्या ड्राइव्हवर किंवा कार्डावर लिहिणं तत्काळ थांबवा आणि परत मिळवण्याचं सॉफ्टवेअर दुसऱ्या ड्राइव्हवर टाका. टेस्टडिस्क हरवलेले विभाग शोधतं. फोटोरेक फाइलींचे अवशेष उचलतं, पण मूळ नावं आणि फोल्डर परत मिळत नाहीत, आणि तुकड्यांत विखुरलेले मोठे व्हिडिओ अनेकदा अर्धवट निघतात. आतल्या एसएसडीवरून पुसलेलं मिळणं अवघड, कारण ट्रिम नावाची सोय मोकळ्या झालेल्या जागा लवकरच आतून साफ करते. चित्रण चालू असताना बॅटरी गेल्यामुळे न उघडणारी एमपी४ फाइल मात्र लगेच टाकून देऊ नका. अनेक कॅमेरे फाइलीची अनुक्रमणिका शेवटी लिहितात, ती लिहायची राहिलेली असते एवढंच. त्याच कॅमेऱ्यावर त्याच सेटिंगने घेतलेली एक चांगली क्लिप नमुना म्हणून दिली की अनट्रंक नावाचं मोफत साधन बऱ्याचदा ती फाइल पुन्हा उभी करतं.

फुटेज मोलाचं असेल आणि ड्राइव्ह आवाज करत असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्या, आणि आधी कोणाही दुरुस्तीवाल्याला ती उघडू न देता द्या. तपासणीचे पैसे किती, डेटा मिळाला नाही तर आकारणी काय, धूळमुक्त कक्ष त्यांचा स्वतःचा आहे की काम बाहेर पाठवतात, मिळालेल्या फाइलींची यादी पैसे भरण्याआधी दाखवतील का, हे लेखी विचारा. हव्या असलेल्या फोल्डरांची अग्रक्रमाने यादी द्या. ड्राइव्ह कूटबद्ध असेल तर तिची किल्लीही लागेल, आणि ती त्याच ड्राइव्हवर साठवलेली असेल तर उपयोग नाही. काम दुसऱ्याचं असेल तर त्यांना त्याच दिवशी कळवा. काय गेलं, काय आहे आणि कधी सांगू शकाल, एवढं स्पष्ट सांगितलं की तेही पुढचं ठरवू शकतात.

काम पुन्हा उभं करताना

बॅकअपची ड्राइव्ह जोडून तिच्यावरच एडिट सुरू करू नका. मूळ गेल्यामुळे आता तीच कदाचित शेवटची जवळची प्रत आहे. आधी नवी ड्राइव्ह आणा, बॅकअप तिच्यावर पडताळणीसह कॉपी करा, आणि नव्या ड्राइव्हला जुनीचंच नाव द्या. विंडोजवर जुनंच ड्राइव्ह अक्षर. पत्ते जुळले की प्रोजेक्टला फुटेज आपोआप सापडतं. नाही सापडलं तर एक फाइल दाखवून दिली की त्याच फोल्डरातल्या बाकीच्या बहुतेक सॉफ्टवेअर स्वतः शोधतं. टाइमलाइन सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा चालवून बघा. वाचवलेल्या फाइलींत मधेच हिरवे ठोकळे किंवा आवाजातली खळ असू शकते, आणि ती फक्त बघूनच कळते.

बंद पडलेली ड्राइव्ह वॉरंटीत बदलून मिळत असेल तर पाठवण्याआधी विचार करा: ती परत येत नाही, आणि तिच्यावरचं ग्राहकाचं चित्रण पुसण्याची सोय तुमच्याकडे उरलेली नसते. ड्राइव्ह आधीपासून कूटबद्ध असेल तर निश्चिंतपणे पाठवा. नसेल आणि चित्रण खाजगी असेल, तर वॉरंटीवर पाणी सोडून ती स्वतःकडेच ठेवलेली बरी.